रुशियाच्या पेटीतली माशी

मी मधमाशी बोलतेय. आग्या नव्हे हो, पळू नका! आग्या माश्या उंच उघड्यावर पोळं लटकवतात आणि जरा धक्का लागला की गावभर पाठलाग करतात. मी सातेरी. आम्ही बुटक्या, घरंदाज. आम्हाला राहायला एक अंधारी पोकळी मिळाली आणि बाहेर काही फुललेलं असलं, की आमचं कुणाशी भांडण नाही.

माझा जन्म भिलाईचा. पोलादाचा कारखाना उभा राहत होता त्या काळातला. पहिली भट्टी अजून पेटली नव्हती. जिकडे पाहावं तिकडे लाल मुरूम, खड्डे, लोखंडाचे ढीग आणि धुळीत बुडालेले ट्रक. पूर्वी तिथे गावं होती म्हणतात. गावं उठून गेली, त्यांची झाडं मात्र ठिकठिकाणी राहिली. तळ्याकाठी करंज, विहिरीपाशी कडुनिंब, कुणाच्या तरी मोडलेल्या अंगणात जांभूळ. माणसांना ती झाडं एकटी दिसत असतील. आम्हाला ती मांडलेल्या ताटांसारखी दिसायची.

आमचं घर म्हणजे एक लाकडी पेटी. रशियातून यंत्रं आली, त्यांच्याबरोबर अशा पेट्या आल्या. कामगारांच्या कॅम्पातली सगळी माणसं त्यांना रुशियाची पेटी म्हणत. आमच्या पेटीवर काळ्या रंगात मोठमोठी अक्षरं होती. त्यातली काही उलटी होती, काहींनी पाय वर केले होते. एका अक्षराच्या बरोबर पोटात लाकडाची गाठ निसटून भोक पडलं होतं. तेच आमचं दार. आमच्या आधीच्या पिढीची ढोली एका जुन्या मोहात होती. तो मोह पडला, तेव्हा राणीला घेऊन सगळ्याजणी उडाल्या त्या या भोकात शिरल्या, आणि आत देवदाराचा असा काही थंडगार वास होता की पुन्हा बाहेर पडल्याच नाहीत.

लहानपणी मी घरातली कामं केली. खोल्या साफ करणं, पिलांना भरवणं, मेण काढणं, दारात उभं राहून पंखांनी वारा घालणं. मग एका सकाळी मोठ्या बहिणींनी मला दाराकडे ढकललं. मी बाहेर पडले आणि... काय सांगू! एवढा उजेड! एवढा वारा! मी पेटीसमोर गोल गोल फिरले, दार नीट लक्षात ठेवलं, आणि वास आला तिकडे सुटले.

तळ्याकाठचा करंज फुलला होता.

करंजाचं फूल इवलंसं, पांढरं-जांभळं. पण झाडावर ती किती असावीत? फांदी दिसत नव्हती. खाली लाह्या सांडल्यासारखा सडा आणि वर आमचा एकच गुंजारव. पहिल्या फुलात मी तोंड घातलं आणि गोड रस पोटात गेला तेव्हा मला वाटलं, आता पुरे, यापुढे जगात काही असणं शक्य नाही. मग शेजारचं फूल होतं. मग त्याच्या शेजारचं. घरी परतताना मी एवढी जड झाले की दाराशी आपटले आणि पहारेकरणी हसल्या. ओझं उतरवून मी पुन्हा निघाले. त्यापुढचे सगळे दिवस मला त्या पहिल्या घोटाच्याच नशेत गेल्यासारखे आठवतात.

आता माणसांचं सांगते, कारण आमची पेटी काही रानात नव्हती.

ती होती केवलरामच्या परसात. केवलराम भंडाऱ्याकडचा, कारखान्यात खलाशी. खलाशी म्हणजे दोरखंड, साखळ्या, चाकं लावून जड लोखंड वर चढवणारा गडी. उंच तुळईवर हात सोडून चालायचा म्हणे. पण आमच्यातली एखादी कानाजवळून गेली, की हा सहा फुटी गडी न्हाणीच्या तट्ट्यामागे जाऊन उभा राहायचा. ही पेटी त्याने आणली होती कपाट करायला. लग्न ठरलं तेव्हा त्याने कुणाकडून तरी नवरीला निरोप पाठवला होता, तुले आरशाचं कपाट करून देतो म्हणून. लाकूड आलं, आरसा आला, नवरीसुद्धा आली. पण मधल्या काळात पेटीत आम्ही आलो होतो.

नवरीचं नाव मथुरा. तिला हिंदी येत नव्हती आणि आजूबाजूच्या झोपड्यांत कुणी आंध्राचं, कुणी पंजाबचं, कुणी छत्तीसगढी. नवरा शिफ्टवरून धुळीने माखून यायचा, जेवायचा, काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि लाजून आडवा व्हायचा. तीही लाजायची. एकमेकांशी बोलायचं कसं, हेच दोघांना कुणी सांगितलं नव्हतं.

मथुरा बोलायची ती आमच्याशी. ऊन चढलं की पेटीत मेण मऊ पडायला लागतं, मग आम्ही पाणी आणून शिंपडतो आणि वारा घालतो. ते पाणी तिच्या माठाभोवती गुंडाळलेल्या ओल्या तरटावर मिळायचं. आम्ही रांगेने बसायचो आणि ती पाटावर बसून तांदूळ निवडायची.

"या बाई, या," ती म्हणायची. "ऊन कसं तापून राहिलं पाहा. माह्या बाबाच्या घरी बी होत्या तुमच्या बहिणी. भिंतीतल्या मडक्यात. मी लहान होती तं त्यायच्या दारातच खेळत बसो."

एकदा मी तिच्या मनगटावरच्या घामावर बसले. तिने हात हलवला नाही. "पी," म्हणाली. "मले कुठं त्याचं काम आहे?"

सगळं असं मजेत चाललं होतं, आणि एका रविवारी दुर्गहून भागाबाई आल्या. त्या केवलरामच्या आत्या. त्यांचे यजमान कृष्णराव रेल्वेत गार्ड, त्यामुळे भागाबाईंच्या चालण्या-बोलण्यात गाडी सुटायची वेळ झाल्यासारखं असायचं. त्या आल्या, बसल्या, पाणी प्यायल्या आणि वर पाहिलं. सुतळीवर मथुराचं लग्नातलं लुगडं लटकत होतं. त्यावर धुळीचा थर.

"कारे केवल! नव्या सुनेचं लुगडं सुतळीवर? अन् परसात एवढी पेटी सडून राहिली!"

"आत्या, तिच्यात माशा आहेत."

"मंग हाकल ना! धूर कर अन् हाकल. लोखंडाचे डोंगर उचलते म्हणते अन् माशीले भेते?"

केवलराम कानापर्यंत लाल झाला. मान खाली घालून म्हणाला, "येत्या रविवारी हाकलतो."

मी तेव्हा तरटावर होते. खरं सांगते, मला त्यातलं गांभीर्य कळलं नाही. करंज फुललेला असताना रविवार म्हणजे काय असतो? मी पोटभर पाणी घेतलं आणि घरी गेले. पण मथुराच्या हातातलं सूप थांबलं होतं.

पुढचे दिवस ती आमच्यापाशी पाटावर येऊन बसलीच नाही. शनिवारी संध्याकाळी केवलराम परसात गोवऱ्या रचायला लागला, तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली. पदर दातात, नजर जमिनीवर.

"अवो. त्यायले हाकलू नका."

केवलराम गोवरी हातात घेऊन तसाच उभा. बायकोने आपण होऊन त्याला म्हटलेलं हे पहिलं वाक्य असावं, असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं.

"कावून?"

"त्या लेकुरवाळ्या आहेत. पोळ्यात पिलं आहेत. मोठ्या उडून जातीन, पिलं मरतीन. अन् एवढ्या उन्हात मोठ्यायले तरी घर कुठं भेटन?"

"मंग कपाट?"

"कपाट बी करा. मी त्यायले दुसऱ्या घरी नेऊन ठेवते."

"तू? हातानं?"

"हातानं."

"चावतीन ना!"

"मले नाही चावत," मथुरा म्हणाली. मग नजर वर करून, "तुमाले चावतीन बहुतेक."

आणि तो चक्क हसला. गोवरी खाली पडली.

रविवारी ऊन उतरल्यावर कामाला सुरुवात झाली. मदतीला शेजारचा भैयालाल आला. हा गोंदियाचा, कारखान्यात वेल्डर. आम्ही चावू नये म्हणून त्याने वेल्डिंगचा काळ्या काचेचा मुखवटा चढवला होता. "चिंता नको करू केवलभाई! हम है ना!" असं म्हणत तो आला तो सरळ वाळत घातलेल्या धोतरात शिरला आणि त्यातच गुंडाळून फिरत राहिला. त्या काचेतून ठिणगीशिवाय काही दिसतच नाही, हे त्याच्या ध्यानात नव्हतं. मथुरा तोंडावर पदर दाबून हसत होती. झोपड्यांची अख्खी लाइन आपापल्या दारात येऊन उभी राहिली. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

मी नेमकी त्या वेळी करंजावरून परतत होते. दाराशी आले तर दार जागेवर, पण घराला छप्पर नाही! घरात ऊन! भैयालालने पहारीने फळी उचकटली होती. आमची पांढरी पोळी उघडी पडली होती, पिलांच्या खोल्यांवर उजेड पडला होता, आणि हजारो बहिणी एका सुरात किंचाळत होत्या. सगळा गोड रस माझ्या तोंडात आंबट झाला. नांगी आपोआप बाहेर आली.

पण मथुराचे हात आत होते. तेच मनगट. गोवरीचा एवढासा धूर तिने आधी दिला, मग एकेक पोळं हळूच कापलं, बांबूच्या काडीवर धरलं आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीने बांधलं. बुडाला भोक पाडलेला एक मोठा माठ तिने आधीच मेण चोळून ठेवला होता. त्याच्या तोंडात काड्या आडव्या बसवून पोळी आत टांगली. मग तिने बोटाने माश्यांना हळूच बाजूला केलं, आणि म्हणाली, "ह्या पाहा राणीसरकार." आमची राणी तिच्या तळहातावर चढली! मी जन्मात एवढी घाबरले नव्हते. मथुराने हात माठात नेला, राणी उतरली, आणि बाकीच्या मागोमाग ओघळत आत गेल्या. वर पेटीतलीच एक फळी झाकण म्हणून बांधली.

"आता हा माठ कुठं ठेवायचा?" केवलरामने विचारलं. तो तट्ट्यामागूनच विचारत होता.

मथुराने तळ्याकडे बोट दाखवलं. "त्या करंजीवर. वर, दुफाट्यात. खाली ठेवला तं कुत्रे पाडतीन."

सगळ्यांनी करंजाकडे पाहिलं, मग केवलरामकडे. एवढ्या उंच दोर घेऊन चढेल असा गडी लाइनीत दुसरा नव्हता.

दोर आणि चाक खांद्यावर टाकून तो निघाला, मागून माठ घेऊन मथुरा.

चढायला त्याला काहीच वेळ लागला नाही. वरच्या फांदीला चाक बांधलं, दोर ओवला, खाली सोडला. माठाला त्याने आधीच अशी गाठ मारली होती की तो डोलला तरी कलंडू नये. दोराचं टोक भैयालालच्या हातात दिलं होतं. मुखवटा अजून तोंडावर. तो दोर ओढणार होता आणि मथुरा त्याला सांगणार होती. खलाशांची बोली असते, वर घ्यायचं तर "हाबेस", खाली सोडायचं तर "आरिया". केवलरामने वाटेत तिला दोन्ही शब्द शिकवले होते.

"हाबेस!" मथुरा ओरडली. माठ उठला.

"हाबेस!" माठ फुलांत शिरला. फुलांचा पाऊस पडला. मी माठाभोवती घिरट्या घालत होते. वास करंजाचा, वास धुराचा, वास राणीचा, मला तर काहीच कळेनासं झालं होतं.

दुफाट्याच्या थोडं खाली माठ एका फांदीला अडला. केवलराम वाकला, एका हाताने त्याला बाजूला करायला लागला. इथे मथुराची तारांबळ उडाली आणि तोंडून निघालं, "आरिया! आरिया!"

भैयालाल आज्ञाधारक. त्याने दोर सैल सोडला.

माठ घसरला. केवलरामने दोन्ही हातांनी त्याला कवटाळलं आणि तो फांदीला पायांची कैची घालून उलटा झुलायला लागला. माठ छातीशी, डोकं खाली. भोकातून आम्ही बाहेर सांडलो. त्याच्या हातांवर, गळ्यावर, केसांत. मी उडून थेट त्याच्या नाकावर बसले.

"केवलराम!" खालून मथुरा किंचाळली. "केवलराम, हलू नका!"

मागोमाग आलेल्या लाइनीतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. लग्नाला पुरते दोन महिने नसतील झाले, आणि बायकोने नवऱ्याचं नाव घेतलं! तेही असं की पलीकडच्या रस्त्यावरच्या ट्रकवाल्यानेही मान वळवली. एका बाईने तोंडावर हात ठेवला. दुसरी खुदकन हसली.

मी नाकावर होते. नांगी बाहेर. खोटं कशाला बोलू? त्याच्या भीतीचा वास मला येत होता, आणि त्या वासाने आमचं डोकं फिरतं. मी चावले असते तर मी मेले असते. तो हात सोडता तर माठ खाली, राणी खाली, पिलं खाली, तो स्वतःही खाली. हे सगळं मला त्या क्षणी कळत होतं असं नाही. नांगीला विचार नसतो.

तेवढ्यात केवलराम हसायला लागला. उलटा लटकलेला, माश्यांनी मढलेला, आणि तो हसत होता! आवाज न करता, श्वास दाबून, तोंड मिटून. बायकोने नाव घेतलं म्हणून. हसून हसून त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, कपाळाकडे वाहायला लागलं, आणि त्याच्या थरथरण्याने एक थेंब माझ्या तोंडाशी उडाला. मी तो चाखला.

खारट!

इतके दिवस नुसतं गोड पीत होते मी. गोड, गोड आणि गोड. जिभेला त्या खाऱ्या थेंबाने जी तरतरी आली, ती मी कुठल्या फुलात अनुभवली नव्हती. मी सरसर त्याच्या डोळ्याच्या कडेला गेले आणि आणखी प्यायले. नांगी कधी आत गेली, कळलंच नाही.

"हाबेस रे बावा, हाबेस!" आता केवलराम स्वतःच ओरडला. भैयालालने जीव खाऊन दोर ओढला. माठ सरकला, केवलराम सरळ झाला, माठ दुफाट्यात बसला. त्याने दोराचे चार वेढे दिले, गाठ मारली, आणि आपल्या हातांवरच्या माश्यांकडे पाहत थोडा वेळ तसाच बसला. मग एका बोटाने त्यातल्या एकीला हळूच वाट करून दिली.

डंख एकच बसला, तोही भैयालालला. आमच्यातली एक त्या मुखवट्याच्या आत शिरली होती. तो ओरडत तळ्यात उतरला तेव्हा लाइनीतली माणसं हसून हसून खाली बसली.

संध्याकाळी दोघं करंजाखाली बसली होती. मथुराने मधाच्या पोळ्याचा एक तुकडा वाटीत काढून ठेवला होता. आम्ही रागावलो का? रागावायला वेळ कुणाला होता! नव्या घराच्या भिंतींना मेण लावायचं होतं.

"माहं नाव घेतलं तू," केवलराम म्हणाला.

"मंग काय म्हणू? अवो म्हटलं असतं तं दहाजणांनी पाहिलं असतं."

"पुन्हा घे ना."

"हट!"

"हळूच घे. कोणी नाही इथं."

मथुराने वर पाहिलं. "ह्या आहेत ना," म्हणाली. आणि मग दोघांना हसू आवरेना. त्यानंतर त्यांच्या बोलण्याला जी सुरुवात झाली ती मी ऐकत होते तोवर थांबली नव्हती. त्याच्या आईची चूल, तिच्या गावची नदी, तुळईवरून दिसणारा दुर्गचा दिवा, काय न् काय.

कपाट झालं. आरसा बसला. भागाबाई आल्या, पाहिलं, दार दोनदा उघडून लावलं आणि म्हणाल्या, "दार जरा करकरते." म्हणजे आवडलं होतं.

आता माझं ऐका. करंज सरला. त्याच्यानंतर सुपेला गावाच्या वाटेवरचा शिरीष झाला, त्या रेशमी गोंड्यांतून मी इतकी पिवळी होऊन यायची की बहिणी ओळखायच्या नाहीत. तोही सुकला. गेले काही दिवस आम्ही रिकाम्या पोटी परत येतोय. ऊन असं, की हवासुद्धा तापून पांढरी दिसते. माठात पिलं खूप आणि साठा थोडा. माझ्या पंखांच्या कडा फाटून झालर झाली आहे. मी आता फक्त आजचाच दिवस उडू शकेन, असं मला सकाळी वाटलं होतं.

म्हणून आज मी नेहमीपेक्षा लांब आले. नाल्याच्या काठाकाठाने कुरुद गावाच्या बाजूला. आणि इथे, पाण्याकडे झुकलेला एक थोरला अर्जुन उभा आहे. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत फुललेला! फिकट पिवळ्या तुऱ्यांनी भरलेला! त्यावर आमच्यापैकी कुणी म्हणून नाही. मी एकटी. मी एका तुऱ्यावरून दुसऱ्यावर धडपडत गेले, पोट तट्ट भरलं, तरी पीत राहिले. इथेच बसून राहावं, इथेच पंख मिटावेत, एवढं हे झाड गोड आहे.

पण मी राहिले तर याचा पत्ता माझ्याबरोबर संपेल. आमच्याकडे बातमी सांगायला एकच रीत आहे. अंधारात पोळ्यावर उतरायचं आणि नाचायचं. कुठल्या दिशेला, किती लांब, किती गोड, सगळं नाचून दाखवायचं. उद्या पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्या पोरी माझ्या नाचत्या अंगाला तोंड लावून उभ्या राहतील.

वारा पडलाय. आता निघायला हवं. वाटेत मी तुमच्या खांद्यावर टेकले, तर तेवढं थांबू द्या. एक दम घेईन आणि उठेन. माझ्या पोटात आहे ते नेण्यासारखं आहे, पण त्याहून मोठं काही मला घरी सांगायचं आहे. अगं पोरींनो, नाल्याच्या वरच्या अंगाला, कुरुदकडे, अर्जुन फुललाय!